जिवंत आमिष, मोकळी दोरी आणि शेजाऱ्याचा काठ

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे: गोड्या पाण्याच्या एका तलावावर तुम्ही गांडुळे आणि लहान जिवंत मासे लावून गळ टाकता. त्याच काठावर कृत्रिम आमिषे फेकणारे, होडीतून फिरणारे आणि पोहणारे लोकही असतात. तुमची तंगूस, म्हणजे गळाची दोरी, दोन वेळा शेजाऱ्याच्या दोरीत गुंतली आणि जिवंत आमिष वापरणाऱ्यांनी गर्दीच्या काठावर येऊच नये, असे त्याने तुम्हाला ऐकवले. त्याचे म्हणणे रास्त आहे का, गुंता कसा टाळावा, मासा गळ खोल गिळतो त्यावर उपाय काय आणि उरलेले आमिष शेवटी पाण्यात सोडून द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

काठावर बसण्याचा तुमचा हक्क त्याच्या हक्काइतकाच आहे. मात्र त्याची चिडचिडही निराधार नाही. कृत्रिम आमिष फेकणारा माणूस ते फेकल्याबरोबर ओढायला लागतो, त्यामुळे त्याची दोरी ताठ असते आणि ती कुठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. तुमचे आमिष मात्र पाण्यात गेल्यावर स्वतःच्या मर्जीने हिंडते. ते शेजाऱ्याच्या दोरीपर्यंत पोहत जाते, तुमचे लक्ष नसताना माशाच्या पोटात जाते आणि बादलीतून निसटले तर तलावाचा कायमचा रहिवासी होऊ शकते. तुमच्या चारही शंकांचे मूळ या एकाच गोष्टीत असल्यामुळे मी पुढे जे सांगणार आहे त्याचा रोखही एकच आहे: आमिषाला जेवढी मोकळीक तुम्ही स्वतः नजरेखाली ठेवू शकता तेवढीच द्यावी.

गुंत्याचा विचार आधी करू. गर्दीच्या काठावर जिवंत मासा फ्लोटखाली, म्हणजे दोरीला लावलेल्या तरंगत्या तुकड्याखाली, लावून मोकळा सोडणे, हीच बहुतेक भांडणांची सुरुवात असते. तळहाताएवढा मासासुद्धा फ्लोट ओढत बरेच अंतर कापतो आणि त्यात वाऱ्याची भर पडली की दोरीचा मोठा बाक पाण्यावर तयार होतो, जो शेजाऱ्याच्या समोरून जातो. अशा ठिकाणी फ्लोट काढून टाकावा आणि आमिष तळाशी बसेल अशी मांडणी करावी. वजन आमिषाला जागेवर धरून ठेवण्याइतके जड असावे आणि वजनापासून गळापर्यंतचा तुकडा वीत-दीड वीत एवढाच ठेवावा. मोकळ्या काठावर हा तुकडा हातभर किंवा त्याहून लांब ठेवण्यात फायदा असतो, कारण आमिष अधिक नैसर्गिकपणे हालचाल करते. परंतु तो फायदा गर्दीत शेजाऱ्याच्या खर्चाने मिळतो. फ्लोट वापरायचाच असेल तर वारा कोणत्या बाजूला वाहतो ते पाहून ज्या बाजूला शेजारी नाही त्या टोकाला बसावे. वारा डावीकडून उजवीकडे असेल तर तुमच्या उजव्या हाताचा काठ रिकामा हवा, इतका साधा हा हिशोब आहे. आणि एकावेळी एकच काठी वापरावी. नियमाने दोन किंवा तीन काठ्यांची परवानगी असली, तरी जिवंत आमिष लावलेल्या दोन काठ्यांवर एकाच वेळी नीट लक्ष ठेवणारी माणसे मी फारशी पाहिलेली नाहीत.

दोरी समोर सरळ टाकावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. प्रत्येक जण स्वतःच्या समोरच्या पट्ट्यात गळ टाकतो तोवर काठावर बरीच माणसे सुखाने बसू शकतात, आणि एकाने तिरका गळ टाकला की तीन जणांची जागा जाते. जिवंत आमिष जोराने भिरकावले तर ते हवेतच गळावरून सुटते किंवा पाण्यावर आपटून मरते, म्हणून झोका देऊन हळुवार टाकण्याची सवय लावून घ्यावी. अशा झोक्यात काठी मागे नेताना दोरीचा मोठा भाग मोकळा लोंबत असतो आणि त्याच्या टोकाला उघडा गळ असतो. मागे कोणी उभे नाही ना, हे प्रत्येक वेळी वळून पाहावे. इतके करूनही दोऱ्या गुंतल्याच तर दोघांनी ओढाओढ थांबवावी, एकाने दोरी सैल धरावी आणि दुसऱ्याने सोडवावी. गाठ सुटत नसेल तर जिवंत आमिषवाल्याने स्वतःची दोरी कापावी, असे माझे मत आहे, कारण फिरत गेलेले आमिष बहुधा त्याचेच असते.

कोणते आमिष कसे टोचावे, यावर त्याचे आयुष्य आणि वागणे दोन्ही अवलंबून असते. गांडुळाच्या अंगावर जो जाडसर पट्टा असतो त्याच्या जवळून गळ एकदाच आरपार काढून दोन्ही टोके मोकळी सोडली तर ते बराच वेळ वळवळते. गळभर ओवून काढलेले गांडूळ गळावर घट्ट बसते, पण लवकर मरते. लहान मासे वारंवार कुरतडून नेत असतील तेथे ओवणेच बरे. अळ्यांना रुंद, बोथट टोकाच्या कातडीतून जेमतेम टोचावे. आत रस फुटला की अळीचे पाण्यात चामडे होते. जळवेला शेपटाकडच्या चूषकातून, म्हणजे चिकटणाऱ्या चकतीतून, गळ लावला की ती लांब होऊन पोहते. नाकतोडा आणि रातकिडा यांना मानेच्या कडक पट्टीखालून टोचल्यास पाय मोकळे राहतात. क्रेफिशला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या प्राण्याला, शेपटीतून टोचतात, कारण संकटात तो शेपटी मारून मागे पळतो आणि शिकारी माशाला नेमकी तीच हालचाल ओळखीची असते. परंतु तो तळाच्या दगडाखाली शिरून बसतो, म्हणून त्याला अधूनमधून किंचित उचलावे लागते.

लहान माशाच्या बाबतीत निवड अधिक महत्त्वाची आहे. वाहत्या पाण्यात त्याला दोन्ही ओठांतून टोचावे, म्हणजे तोंड प्रवाहाकडे राहते, कल्ल्यांतून पाणी जात राहते आणि आमिष गरगर फिरून दोरीला पीळ बसत नाही. स्थिर पाण्यात पाठीच्या पराजवळ, कण्याच्या बऱ्याच वरून, केवळ मांसातून गळ घालतात. असा मासा जोरात धडपडतो आणि दूरवर कंपने पोहोचवतो. शेपटीजवळ टोचलेला मासा तुमच्यापासून दूर पळण्याचा प्रयत्न करतो. ही शेवटची पद्धत पाण्यावर झुकलेल्या झाडीखाली आमिष पोहोचवण्यासाठी उपयोगी असली, तरी शेजारी बसलेले असताना ती वापरू नये.

आता बादलीकडे वळू, कारण चांगले आमिष बहुतेकदा गळावर लागण्यापूर्वीच मरते. याचे पहिले कारण प्राणवायू. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांना तो ९ मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि ३० अंशांना साडेसातपर्यंत घसरतो. उलट तापमान वाढते तशी माशाची गरज वाढत जाते. म्हणजे उन्हात ठेवलेल्या बादलीत साठा घटतो आणि मागणी चढते, आणि त्याच पाण्यात माशांच्या उत्सर्गातून अमोनियाही साचत जातो. बादली सावलीत ठेवावी, त्यावर ओले फडके टाकावे, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप लावावा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमी मासे ठेवावेत. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की उशीर झालेला असतो. पाणी थंड करण्यासाठी बर्फ सरळ बादलीत टाकू नये. तो पिशवीत बांधून थोडा थोडा वेळ बुडवावा, कारण तापमानातील अचानक फरक उष्णतेइतकाच घातक ठरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना जाळते. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास साधे क्लोरीन उडून जाते, परंतु जेथे शुद्धीकरणासाठी क्लोरामाइन वापरतात तेथे नुसते थांबून भागत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घालावे लागते आणि तेही क्लोरीन काढते, पण सुटणारा अमोनिया मागे ठेवते, म्हणून अशा पाण्यात माशांची संख्या आणखी कमी ठेवावी. गांडुळांना या तुलनेत फारच थोडे लागते: काळोख, गारवा आणि पिळून काढलेल्या कापडाइतका ओलावा. त्यांचा डबा उन्हात विसरू नये एवढेच.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर मी सर्वांत आग्रहाने देणार आहे: उरलेले आमिष पाण्यात सोडू नका, काठावर टाकू नका आणि बादलीतले पाणीही तलावात ओतू नका. जिवंत प्राण्याला सोडून देणे दयेचे वाटते, हे मी समजू शकतो. परंतु परक्या पाण्यात सोडलेला प्राणी एक तर मरतो किंवा तगतो, आणि तगला तर त्याची किंमत तेथील मूळ प्राणी मोजतात. उत्तर अमेरिकेतील रस्टी क्रेफिश हे याचे ठसठशीत उदाहरण आहे. तो मूळचा ओहायो नदीच्या खोऱ्यातला. मासेमारांच्या आमिषाच्या बादल्यांतून तो उत्तरेकडच्या सरोवरांत पोहोचला, तेथील मूळ क्रेफिशना त्याने हुसकावले आणि ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने लहान मासे वाढतात त्या वनस्पती कातरून टाकल्या. म्हणजे मासे पकडण्यासाठी आणलेल्या आमिषाने माशांचेच पाळणाघर मोडले. राउंड गोबी हा लहान मासा १९९० मध्ये ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या परिसरात प्रथम सापडला तो जहाजांचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आलेला होता. मात्र तेथून आतल्या लहान तलावांकडे तो जाऊ नये यासाठी आमिष म्हणून त्याच्या वापरावर अनेक ठिकाणी बंदी घालावी लागली.

प्राणी दिसतो तरी. रोग दिसत नाही. माशांमध्ये रक्तस्राव घडवणारा व्हीएचएस हा विषाणू ग्रेट लेक्समध्ये पसरून २००५ आणि २००६ या वर्षांत मोठ्या प्रमाणावर मासे मेले आणि त्यानंतर जिवंत आमिष-माशांची वाहतूक व विक्री यांवर तेथे कडक बंधने आली. अमेरिकेच्या नैऋत्य भागात आमिष म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या डिंभांबरोबर, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांबरोबर, उभयचरांना मारणारे रानाव्हायरस हे विषाणू एका जागेहून दुसऱ्या जागी गेल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. बेडूक आणि त्यांचे भाऊबंद आमिष म्हणून वापरूच नयेत असे मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे. परक्या पाण्यात झपाट्याने पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्याचे डिंभ तर इतके सूक्ष्म असतात की बादलीतले पाणी स्वच्छ दिसत असताना त्यात ते शेकडोंनी असू शकतात.

गांडुळे तरी निरुपद्रवी, असे बहुतेकांना वाटते, आणि जेथे ती मूळचीच आहेत तेथे ते खरेही आहे. परंतु उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातील ज्या जंगलांवर हिमयुगात बर्फाचे थर होते तेथे बर्फ ओसरल्यानंतर हजारो वर्षे गांडुळेच नव्हती. ती जंगले जमिनीवर साचलेल्या पानांच्या जाड थरावर उभी होती. युरोपातून आलेली गांडुळे शेतीबरोबर तर पसरलीच, शिवाय मासेमारांनी काठावर रिकाम्या केलेल्या डब्यांतूनही पसरली, आणि जेथे ती पोहोचली तेथे पानांचा तो थर खाऊन संपवल्यामुळे जंगलातील रोपे आणि फुलझाडे विरळ होत गेली. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शिकवलेला प्राणी दुसऱ्या जागी काय करू शकतो, याचा विचार डबा उलटा करण्यापूर्वी करावा.

म्हणून व्यवहारात काय करावे? ज्या पाण्यात मासेमारी करायची त्याच पाण्यातून, नियम परवानगी देत असतील तर, लहान जाळीने आमिष धरावे आणि तेथेच वापरावे. विकतचे आमिष असेल तर लागेल तेवढेच घ्यावे. उरलेली गांडुळे घरी नेऊन पुन्हा वापरता येतात. नको असतील तर बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाकावीत. मासे उरले तर त्यांना झटकन मारून गोठवावे, कारण अनेक शिकारी मासे मेलेले आमिषही तितक्याच आनंदाने घेतात. अर्थात गोठवल्याने सगळेच विषाणू मरत नाहीत, म्हणून तेही त्याच तलावावर वापरावेत. बादलीतले पाणी काठापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतावे. जाळी, बादली आणि बूट धुऊन पूर्ण वाळवावेत आणि हाताला कोरडे लागू लागल्यावरही दोन दिवस जाऊ द्यावेत, मगच ते दुसऱ्या पाण्यात न्यावेत.

गळ खोल गिळला जाण्याचा प्रश्न हा आमिष जिवंत असण्याचा थेट परिणाम आहे. कृत्रिम आमिष तोंडात गेल्यावर माशाला ते कडक लागते आणि तो थुंकू पाहतो. खऱ्या अन्नाच्या बाबतीत थुंकण्याचे कारणच नसते. पूर्वी शिकवत असत की मासा ओढू लागला तर त्याला निवांत गिळू द्यावे. मासा खायला नेणार असाल तर त्याने बिघडत नाही. पण लहान निघाला म्हणून किंवा नियमामुळे सोडावा लागला, तर तो आतून फाटलेला असतो. यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे सर्कल हुक, म्हणजे ज्याचे टोक आत, दांडीकडे वळलेले असते असा गोल गळ. मासा आमिष घेऊन वळला आणि दोरी ताठ झाली की हा गळ घशातून घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून अडकतो. अट एकच आहे: झटका मारायचा नाही. रिळाने दोरी सावकाश ताठ करायची आणि काठीला आपोआप वाकू द्यायचे. ज्यांचा हात वर्षानुवर्षे झटक्याला सरावला आहे त्यांना हे जड जाते आणि ते गळाला दोष देतात. टोक बाजूला तिरके केलेले सर्कल हुकही मिळतात. त्यांत खोल रुतण्याचा धोका पुन्हा वाढतो, म्हणून सरळ टोकाचेच घ्यावेत.

तरीही गळ घशात गेलाच, तर आत चिमटा घालून तो उपटू नये. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडल्यास त्याच्या जगण्याची शक्यता गळ उपसून काढण्यापेक्षा बरीच अधिक असते. कित्येक मासे असा गळ पुढे टाकून देतात. गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करावा, हात ओले करूनच मासा धरावा म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही, आणि शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढूच नये. पाणी फार तापलेले असेल अशा दिवसांत, सोडून देण्याच्या हेतूने मासे धरणेच थांबवावे, कारण दमलेला मासा कमी प्राणवायूच्या पाण्यात सावरत नाही.

माणसांच्या बाबतीत बहुतेक गोष्टी आधी बोलल्याने सुटतात. नव्या जागी पोहोचल्यावर शेजारी बसलेल्याला आपण कोणते आमिष लावणार आणि कुठे टाकणार हे सांगावे. तो आधी आलेला असल्यामुळे अंतर किती ठेवायचे हे त्याने ठरवावे. त्याला मोठा मासा लागला तर तुमची दोरी गुंडाळून आमिष पूर्ण बाहेर काढावे. नुसती ओढ घेऊन थांबू नये, कारण तुमच्या आमिषाला नेमका त्याच वेळी मासा लागला तर दोघांचेही नुकसान होते. पाण्यात चारा फेकून मासे जमवणार असाल तर प्रवाह तो कुणाच्या पुढ्यात नेईल हे पाहावे. प्रवाहात उभे राहून फ्लाय, म्हणजे किड्यासारखे दिसणारे हलके कृत्रिम आमिष, टाकणारा माणूस सहसा एका दिशेने सरकत असतो. त्याच्या पुढच्या पाण्यात गळ टाकणे म्हणजे त्याचा पुढचा तासभर हिरावून घेणे. होड्या काठालगत जात असतील तर दोरीवर, काठाजवळ, एक सुटे वजन सरकवून सोडावे. त्यामुळे दोरी तळाला चिकटून राहते आणि वल्ह्यात किंवा पंख्यात अडकत नाही. पोहणारे उतरले तर मात्र वाद न घालता गळ बाहेर काढावा. त्यांच्या पायाला लागलेला गळ ही कोणत्याही माशापेक्षा मोठी घटना असते. दुसऱ्याने लावलेल्या जाळ्यांच्या आणि सापळ्यांच्या खुणांपासूनही अंतर राखावे. काठी टेकवून डुलकी काढणे तर सोडूनच द्यावे: दमदार मासा काठीसकट आमिष घेऊन जातो, आणि मग तुटलेल्या दोरीचा गुंता पक्ष्यांच्या पायांत अडकण्यासाठी तलावातच राहतो.

शिशाच्या वजनांबद्दलही एक वाक्य आवश्यक आहे. काठालगत पडलेले शिशाचे लहान मणी हंस आणि बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने याच कारणाने १९८७ मध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. कथील किंवा टंगस्टनची वजने महाग पडतात, पण काम तेच करतात.

कायद्यांत मोठा फरक आहे आणि तो जाण्यापूर्वीच वाचावा. आयर्लंड, स्कॉटलंड आणि नॉर्वे येथे जिवंत मासा गळाला लावण्यास मनाई आहे, जर्मनीतही प्राणी-संरक्षण कायद्याखाली ते सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. उलट अमेरिकेच्या अनेक राज्यांत तीच रोजची पद्धत आहे, फक्त आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यावर निर्बंध आहेत. एकाच नदीच्या दोन भागांत नियम वेगळे असणे हेही नवलाचे नाही.

राहिला तुमचा शेजारी. पुढच्या वेळी तो काठावर दिसला तर गांडुळे, आखूड तुकडा आणि जड वजन घेऊन बसा, मांडणी बदलली आहे हे त्याला आपणहून सांगा आणि तो कोणत्या पट्ट्यात फेकतो ते विचारा. जिवंत मासे लावायचे असतील तर ज्या दिवशी काठ मोकळा असेल तो दिवस त्यासाठी ठेवा. एवढे करूनही त्याची तक्रार कायम राहिली, तर ती तुमच्या आमिषाबद्दल राहिलेली नाही असे समजून तुम्ही आपल्या पट्ट्यात बसून राहायला हरकत नाही.